समोर आलेली सुरमई
परवा जऊळक्याच्या बाजारात कुणीतरी मासे तळत होतं, आणि त्या वासासरशी मला कोकणातलं ते जेवण आठवलं. धाकट्या बहिणीला विमान चालवायचं लायसन मिळालं तेव्हा तिनं बाबांना शब्द दिला होता, की सगळ्यांत आधी तुम्हालाच बसवीन आणि समुद्राचा मासा खाऊ घालीन. जन्मभर वांगी-टमाटे पिकवणाऱ्या बाबांनी मासा खाल्ला तो धरणातलाच. म्हणून आम्ही बापलेक शिरपूरहून एसटीनं ती शिकत होती त्या शहरात गेलो, आणि तिथून तिनं भाड्यानं घेतलेल्या चार सीटच्या विमानानं, तीच चालवत असताना, कान फाटतील अशा घरघराटात, घाट ओलांडून समुद्रकाठी उतरलो. विमानतळाजवळच्या खानावळीत सुरमई यायला तासभर लागला. रव्यात तळलेले तुकडे समोर आले, बाबांनी बाही वर सारली, तेवढ्यात शेजारी बसलेल्या बहिणीचा फोन वाजला. घाटावर ढग जमतायत, लगेच निघा, असा विमानतळावरून निरोप होता. "अवं, दोन घास त खाऊ दे त्याईले!" मी चिडून म्हणालो. "भाऊ, इमान आजच परत द्या लागते. उशीर केला त ढगात सापडू," ती म्हणाली, तिचेही डोळे भरले होते. बाबा मात्र बाही खाली ओढून उठले. "पायलट म्हंते त चाल. काहून वाद घालून राह्यला?" परतताना घाटावर ढगाचा ठिपकाही नव्हता. आता ती मोठी विमानं चालवते, बाबांना डॉक्टरांनी मासे बंद केलेत, आणि तिचं बरोबर होतं हे कळत असूनही त्या निरभ्र आभाळावरचा माझा राग काही जात नाही.