फुलपात्रातला गुलाब

माझं सगळं आयुष्य संशय घेण्यात गेलं आणि त्याचाच मला पगार मिळत होता. दूध संघात मी गावोगावचे कॅन उतरवून घ्यायला असायचो. झाकण उघडायचं, नाक जवळ न्यायचं आणि ठरवायचं, दूध आत घ्यायचं की माघारी लावायचं. मशीनवर फॅट नंतर लागायची, पहिला निकाल नाकाचा. आंबूस वास, धुराचा वास, कॅन धुताना राहिलेल्या सोड्याचा वास, सगळे मला ओळखू यायचे. माघारी लागलेल्या कॅनचा मालक हातापाया पडायचा, नाहीतर शिव्या द्यायचा. मी दोन्हीला दाद दिली नाही. निवृत्त झालो, नाक झालं नाही. कोल्हापूरजवळच्या कळंब्याच्या घरात खिडकीपाशी बसून शेजारच्या फोडणीतलं तेल जुनं आहे हे मी अजून सांगतो, आणि मला येताना बघितलं की मटणाचा दुकानदार कपाळाला हात लावतो.

अशा माझ्याच घरात गेल्या उन्हाळ्यात माझ्यापासून काहीतरी लपवलं जात होतं.

पहिला संशय बायकोवर. तिचा पांढरा रस्सा आमच्या सगळ्या भावकीत नावाजलेला. कुणी 'मीठ बघू का' असं नुसतं विचारलं तरी तिला खपायचं नाही, आणि मला तर तिनं स्वयंपाकघरात कधी उभं केलं नव्हतं. थंडीत ती तापानं आजारी पडली, बरी झाली, पुन्हा कामाला लागली आणि मग उठसूट मला हाका मारायला लागली. "अहो, जरा बगा की, दूध बरं हाय न्हवं?" "अहो, मसाला भाजला काय बगा." मी जायचो, वास घ्यायचो, "झाला" म्हणायचो. ती लगेच गॅस बंद करायची. इतका मान मला या घरात कधी मिळाला नव्हता, म्हणूनच तो मला पटत नव्हता.

दुसरा संशय मुलीवर. ती नाशिकला वाइनच्या कारखान्यात नोकरी करते. आलेल्या लोकांना वाइन चाखवायची आणि ती कशाबरोबर प्यावी ते सांगायचं, हे तिचं काम. पाहुण्यारावळ्यांत कुणी विचारलं तर मी 'खाण्यापिण्याच्या कंपनीत आहे' एवढंच सांगतो. तिच्या कारखान्यात कोल्हापुरी जेवणाचा कार्यक्रम ठरत होता. आईचा पांढरा रस्सा त्यांच्या एका वाइनशी जुळला तर आईलाच तिकडे रस्सा करायला न्यायचं, असं तिनं फोनवर सांगितलं. बायकोचा आनंद गगनात मावेना. पण फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, "तुमी बी यायचं. तुमच्याबिगर म्या जाणार न्हाय."

एरवी मी जोतिबाला बरोबर निघालो तरी 'तुमी कशाला, गर्दीत कटकट कराल' म्हणणारी ही बाई. मी मनाशी पक्कं केलं की मायलेकी मला घोळात घेताहेत. पोरीनं तिकडे कुणीतरी मुलगा बघितला असणार आणि नाशिकला नेऊन त्याला माझ्यासमोर उभा करणार.

रविवारी पोरगी बाटली घेऊन आली. आत मटणाचं आळणी पाणी उकळत होतं, बायको खोबरं वाटत होती. पोरीनं काचेच्या ग्लासात थोडी पाण्यासारखी फिकट वाइन ओतली आणि म्हणाली, "पप्पा, आधी नुसता वास घ्या."

गुलाब होता. त्याच्या मागं लिची आणि अगदी शेवटी आल्यासारखं काहीतरी. आता सरबतासारखी गोड लागणार म्हणून मी घोट घेतला, तर गोडीचं नाव नाही. आंबट, कोरडी, जिभेच्या मागं जरा कडवट.

"ह्यात एसेन्स घातलाय," मी म्हणालो.

"न्हाय हो पप्पा. ह्या द्राक्षाचाच वास असा असतोय. आंबवताना साखर संपती, वास राहतोय. म्हणून हिला ड्राय म्हणायचं."

"वास एक आन् चव दुसरी. आमच्याकडं असला कॅन माघारी लागला असता."

ती हसली. तांबड्या रश्श्याच्या तिखटात ही वाइन मरून जाईल, पण पांढऱ्यातलं नारळाचं दूध, खसखस आणि वेलदोडा हिला धरून राहतील, असं तिनं समजावलं. मला ते पाठ केलेलं वाटलं. मी मांडणीतली स्टीलची दोन फुलपात्रं आणली. एकात वाइन ओतली, एकात नळाचं पाणी, दोन्हींवर वाट्या झाकल्या आणि तिला म्हणालो, "डोळं मीट. आता सांग."

तिनं पहिल्याला नाक लावलं. "पाणी. आन् टाकीचं हाय, फिल्टरचं न्हाय."

माझं नाक पोरीनं घेतलंय हे मला तेव्हा कळलं. ऊर भरून आला, पण मी तसं दाखवलं नाही. तेवढ्यात आतून दोनदा हाक आली, "अहो, जरा या की." मी "थांब, कामात हाय" म्हणून बसून राहिलो. नाकात वाइन भरली होती, आत काय चाललंय याचा पत्ता नव्हता. शेवटी बायकोच पदराला हात पुसत बाहेर आली.

"आई, तू पण वास घे ना," पोरगी म्हणाली.

मी पाठ करून फुलपात्रं पुन्हा इकडची तिकडं केली आणि मुद्दाम पाण्याचं तिच्या हातात दिलं. स्टीलमध्ये दोन्ही सारखंच दिसत होतं. 'पाणी पाजताय व्हय मला' म्हणून ती माझ्यावर ओरडेल अशी माझी खात्री होती. तिनं बराच वेळ वास घेतला. मग पोरीच्या तोंडाकडं बघून म्हणाली, "व्हय की गं. गुलाबाचाच वास हाय. लई झ्याक."

"बघा!" पोरगी मला म्हणाली. "आईला कळलं, आणि तुमचा मात्र संशय जात न्हाय."

पोरीची पाठ वळताच मी बायकोच्या हातातलं फुलपात्र काढून घेतलं आणि पाणी खिडकीतल्या तुळशीला ओतलं. दूध बघा, मसाला बघा, तुमच्याबिगर जाणार न्हाय, असं सगळं एका क्षणात माझ्यापुढं उभं राहिलं.

जेवायला बसलो. पोरीनं एक चमचा रस्सा घेतला, वर वाइनचा घोट घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "आई, खसखस जरा लागली काय गं?"

बायकोचा वाढता हात थांबला. तिनं माझ्याकडं बघितलं. कॅनपाशी उभे असलेले लोक माझ्याकडं असंच बघायचे.

"लागली-बिगली काय न्हाय," मी म्हणालो. "तुझी वाइनच धुरकट हाय. मी मगाशी सांगितलं न्हवं?"

करपट वास माझ्या नाकाखाली होता. तरी मी दोन वाट्या रस्सा प्यायलो. आणि खरं सांगायचं तर पोरीचं म्हणणं बरोबर होतं. गरम चमच्यावर तो गार घोट घेतला की टाळूवरची चरबी धुऊन जायची, वेलदोडा मागून वर यायचा आणि पुन्हा रस्सा प्यावासा वाटायचा.

जेवणानंतर पोरगी बाहेरच्या खोलीत आडवी झाली. बायको पातेलं घासत होती. मागं न बघता तिनं विचारलं, "त्या फुलपात्रात काय हुतं?"

"वाइन."

"खरं सांगा."

"पाणी हुतं."

तिनं नळ बंद केला. "तापापास्नं कसलाच वास येत न्हाय मला. डॉक्टर म्हणला, यील न्हायतर न्हाय बी येणार. पोरीला सांगू नगा. ती मग मला न्हेणार न्हाय."

"आन् मला का न्हाय सांगितलंस?"

"तुमी वास घिऊन कॅन माघारी लावणारा माणूस," ती म्हणाली. "म्हटलं, मला बी माघारी लावाल."

मी ते पातेलं तिच्या हातातून घेतलं आणि तळाची करपलेली खसखस खरवडत राहिलो.

संध्याकाळी पोरीनं विचारलं, "मग आई, ठरलं ना नाशिकचं?"

"ठरलं," मीच बोललो. "आमी दोघं बी येणार. आन् रस्सा होईस्तोवर मी तिच्या शेजारी शेगडीपाशी उभा राहणार."

पोरीनं डोळे बारीक केले. तिला संशय आला होता. "पप्पा, खरं सांगा. तुम्ही माझ्यावर नजर ठेवायला येताय न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो. "त्यासाठीच येतोय."

आतून हाक आली, "अहो, जरा दूध बगा की." मी लगेच उठलो.