सोफीचे अकरा महिने

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोलाही नाही — आणि तिला मी नको ते सगळं सांगत बसतो. तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीटसं ठाऊक नाही.

आधी थोडं आमच्याबद्दल. आम्ही बेने इस्राएल — म्हणजे कोकणातले ज्यू. घरात मराठी, आडनावाच्या शेवटी ‘कर’, आणि दिल्लीत केंद्र सरकारची नोकरी. आमचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनाघर, हा एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावरचा हॉल. पुजारी, धर्मगुरू वगैरे कुणी नाही. मला हिब्रू वाचता येतं, म्हणून दर शुक्रवारी संध्याकाळी प्रार्थना मी चालवायचो. वीस वर्षं चालवली. यार, काय सांगू — जीव मेटाकुटीला यायचा!

कारण शिस्त कुणाला हवी होती? डोक्यावर टोपी नाही, मग रुमाल शोधा. सगळ्यांनी उभं राहून मनातल्या मनात म्हणायची प्रार्थना, तेव्हाच कुणाच्या तरी बदलीची चर्चा. ‘आमेन’ कुठे म्हणायचं हेसुद्धा मी हात वर करून दाखवायचो, शाळेतल्यासारखं. आणि माणसं जमवणं तर वेगळीच कटकट. आमच्यात काही प्रार्थना दहा पुरुष असल्याशिवाय म्हणताच येत नाहीत. कद्दिश त्यातलीच — गेलेल्या माणसासाठी त्याच्या मुलाने म्हणायची. आई-वडिलांसाठी अकरा महिने. म्हणून दर गुरुवारी मी ऑफिसातून फोन करत बसायचो — द्वारकेला, मयूर विहारला, जिथे जिथे आपलं माणूस असेल तिथे. या हो, नऊच होतायत, या.

म्हणजे मी किती करत होतो, हे तुम्हाला पटवतोय. बघा — अजूनही तेच करतोय.

सोफी फरीदाबादहून यायची. दोन बस बदलून, वडिलांना हाताला धरून. एलायजाकाका तिचे वडील. सोफी त्यांची एकुलती एक. मी दिल्लीत नवा आलो तेव्हा याच काकांनी मला त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून हिब्रू प्रार्थना शिकवल्या होत्या. सोफी तेव्हा शाळेत होती, शेजारी बसून ऐकायची. तिचं माझ्याआधी पाठ व्हायचं.

एका शुक्रवारी मी वाचताना दोन पानं एकदम उलटली. मागच्या खुर्च्यांवरून सोफीचा आवाज आला, “मोझेसभाऊ, पान सुटलं.” खणखणीत. सगळे हसले. काकाही हसले. मी परत मागे गेलो, सुटलेलं वाचलं. बिल्कुल साधी गोष्ट. पण मला ती लागली. वीस माणसांना शिस्त लावणारा मी, आणि माझीच चूक काढावी, तीही बाईने? हो, हेच मनात आलं होतं. आता लपवून काय करू?

पुढच्याच महिन्यात एलायजाकाका गेले.

सुतकाचे सात दिवस घरी माणसं होती, तेव्हा अडचण आली नाही. नंतरच्या शुक्रवारी सोफी हॉलमध्ये आली, एकटी. पुरुष मोजले तर नऊ. कद्दिशची वेळ आली आणि म्हातारे डेव्हिडकाका म्हणाले, “अरे, सोफीला धर की दहावी. मुलगा नाही एलायजाला. म्हणू दे तिला. आपण काय इथे मोठे पंडित बसलोय?” कुणी नाही म्हणालं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सोफीनेही.

मी म्हटलं, “मुंबईला, तिथल्या सिनेगॉगच्या वडीलधाऱ्यांना विचारावं लागेल. आपल्या मनाने कसं करणार?”

पुढच्या शुक्रवारी सगळ्यांसमोर सांगितलं, की मुंबईच्या वडीलधाऱ्यांशी फोनवर बोलणं झालं. बाईला धरता येत नाही. दहा पुरुष असतील त्या दिवशी म्हणू द्या, नसतील तर नाही.

मी फोन केलाच नव्हता. आठवडाभर फोन माझ्या टेबलावर होता. आणि का नाही केला? कारण ते ‘हो’ म्हणतील अशी मला भीती होती. धर्माची चाड वगैरे काही नव्हतं हो त्यात. शनिवारी, आमच्या विश्रांतीच्या दिवशी, पाळायचे निम्मे नियम मी स्वतः पाळत नव्हतो.

इथे थांबलो असतो तरी पुरे होतं. पण खरं याच्या पुढे आहे.

गुरुवारचे फोन मी बंद केले. एकदम नाही — हळूहळू. आज काम होतं, आज लाइन लागली नाही. दोघं-तिघं असे होते की फोन गेला की हमखास यायचे, नाही गेला की हमखास विसरायचे. मला ते माहीत होतं. बहुतेक शुक्रवारी आम्ही नऊ असायचो, कधी आठ. मी ‘काय करणार, लोकांना पडलेलीच नाही’ म्हणून चिडचिड करायचो. मोठ्याने! आणि कद्दिशचं पान उलटून पुढे जायचो. सोफीचं पुस्तक त्याच पानावर उघडं असायचं. ती ओठ हलवायची, आवाज न करता. ‘आमेन’ म्हणायला तिला कुणी नव्हतं. मला त्याचाही राग यायचा — सगळे पुढे गेले, ही का अडकून बसलीय?

एवढं सगळं पाहूनही एक फोन का झाला नाही माझ्याच्याने?

अकरा महिने संपले त्या शुक्रवारीही नऊच होतो. प्रार्थना झाल्यावर सोफी माझ्यापाशी आली. मला वाटलं, आता ही बोलणार. ती म्हणाली, “भाऊ, तुम्ही माझ्यासाठी मुंबईला विचारलंत तरी. बाबा म्हणायचेच, मोझेस काही मनाचं करायचा नाही.”

मी म्हटलं, “अगं, त्यात काय.”

हेच शब्द. त्यानंतर मी खुर्च्या सरळ करायला लागलो. ती बस चुकेल म्हणून निघाली.

दोन वर्षांनी ती इस्राएलला गेली. पुढे आमच्या हॉलमध्ये बायकांनाही दहांत धरायला लागले. विषय निघाला तेव्हा हात सगळ्यात आधी मी वर केला. लोकांनी माझं कौतुक केलं, आणि मी ते करून घेतलं.

सोफीचा पत्ता माझ्याकडे आहे. तिला मी काही लिहिलेलं नाही. वडिलांसाठीचे अकरा महिने एकदाच येतात. तिचे मी घालवले, जाणूनबुजून, दर गुरुवारी ऑफिसात फोनशेजारी बसून.