गौरीपुढची शेवटची फुगडी

धाकटी जाऊ घरात येईपर्यंत गौरीपुढच्या फुगडीत मला कुणी हरवलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला उगाच कुणी मोठ्या मनाची समजू नये.

आमचं गाव जयगडच्या बाजूला. गौरी जेवल्या की त्याच दुपारी वाडीतल्या बायका आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, जांभ्या दगडाच्या पायरीसमोर पत्र्याखाली फुगडीला जमतात. जोडीतली जी आधी "पुरे" म्हणेल ती बाद. शेवटी उरेल तिने दुसऱ्या दिवशी गौर डोक्यावर घेऊन ओढ्यापर्यंत जायचं. अकरा वर्षं तो मान माझा होता. एरवी मी रत्नागिरीत ऑफिसच्या खुर्चीत बसणारी बाई, पण त्या दिवशी वाडी माझ्याकडे बघायची. समोरचीच्या कुंकवावर नजर ठेवायची आणि दात आवळून फिरत राहायचं, एवढंच माझं तंत्र.

जाऊ मंडणगडकडची. दीर मुंबईला आणि ती गावी, शेतीत. पहिल्याच गौरीला तिने तिघींना बसवलं, तेही गप्पा मारत. फिरताना माझा श्वास शिट्टीसारखा वाजतो आणि ही बया समोरचीला विचारत होती, घावने मऊ झाले होते का. शेवटी माझ्याशी उभी राहिली तेव्हा मीच "पुरे" म्हटलं. दुसऱ्या दिवशी गौर तिच्या डोक्यावर आणि मी मागे आरतीचं ताट घेऊन. आत्येसासूबाई म्हणाल्या, "पोरगी भिंगरी हाय गो." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला अकरा वर्षांत कुणी भिंगरी म्हटलं नव्हतं.

पुढची तीन वर्षं तेच. तिचं काही चुकायचंच नाही. माझ्या पाया पडायची, माझ्यासाठी कुळथाची पिठी बांधून द्यायची, आणि मला ती पिठीसुद्धा गोड लागायची नाही. डॉक्टरांनी गुडघ्यांची झीज सांगितली, जिने चढू नका म्हणाले. मी रोज सकाळी फिरायला जाते म्हणून सांगायचे आणि बिल्डिंगचे चार मजले चढून उतरायचे. शरीर नाही म्हणत होतं, ते मला ऐकू येत होतं. पण तिच्यासमोर पुन्हा "पुरे" म्हणायचं नव्हतं.

गेल्या गौरीला आम्ही दोघीच उरलो. आमच्यात हात हातात नाही, मनगटं धरतात, म्हणून आधी बांगड्या वर सारून त्यावर फडकं बांधायचं असतं. मी बांधलं नाही. नवा हिरवा चुडा भरला होता आणि समोर सगळ्यांचे मोबाईल रोखलेले होते. शूटिंगमध्ये तरी मी तिच्यापेक्षा उठून दिसावी, एवढाच विचार.

फिरायला लागलो. गुडघ्यात कळ आली, मग गुडघाच जाणवेनासा झाला. तिने विचारलं, "वयनी, दमलाव काय?" मी दात आवळून फिरत राहिले. थोड्या वेळाने तिची उजव्या हाताची पकड ओली लागायला लागली. घामेजली, मी मनात म्हटलं, आता हिचा हात निसटणार. इतका आनंद मला कितीतरी वर्षांत झाला नव्हता. मी मागे आणखी झुकले आणि जोर लावला. तिचं बोलणं थांबलं होतं. तिने माझ्याकडे एकदा नीट बघितलं, आणि मग अंदाज घेत घेत, एकेक फेरा कमी करत तिने आम्हा दोघींना थांबवलं. पुरे ती म्हणालीच नाही, मीही नाही. तिने झटकन हात पदरात गुंडाळला. पदर लाल होत गेला.

माझ्या दोन बांगड्या वाढल्या होत्या. त्यांच्या काचा तिच्या तळव्यात होत्या.

आत न्हाणीघरात मी तिच्या हातावर पाणी ओतलं. "सोडायचा होतास ना हात," मी म्हटलं, ते रागानेच. ती म्हणाली, "सोडला आस्ता तर तुमी जांभ्याच्या पायरीवर गेला आस्ता." एवढं बोलून ती दुसऱ्या हाताने काच काढायला लागली. मी तिच्या जागी असते तर? मी हात सोडला असता. पायरी दिसत असूनही सोडला असता.

बाहेर येऊन तिने सगळ्यांना सांगितलं, सकाळी विळीवर हात कापला होता, तीच जखम उघडली, वयनी जिंकल्या.

दुसऱ्या दिवशी गौर माझ्या डोक्यावर होती. वाटेत बायका थांबवत होत्या ते तिला, पट्टीला हात लावून बघत होत्या, कळवळत होत्या. ती प्रत्येकीला विळीचं सांगत होती. मी ऐकत होते आणि माझ्या पोटात तीच जुनी आग होती, आता त्या पट्टीसाठी. ओढ्यापर्यंत निदान आठ जणींनी विचारलं. आठही वेळा मी तिला विळी म्हणू दिलं.