हातावरचा घास

"तू दे ना गं."

काकू एवढंच म्हणाल्या. हसून म्हणाल्या. पुढे केलेला हात त्यांनी मागे घेतला होता आणि अक्कांच्या बोटांत घास तसाच राहिला होता. गरम भात, वर तूप, अक्कांनी घरी कुटलेली चटणीपूड. हाताने कालवलेला छोटा घास. रविवारची सकाळ होती आणि काकूंच्या मागे रांग होती.

"तुझ्या हातचं खायचंय मला. आपली मराठी मुलगी आहेस."

मी काय केलं? नळाखाली हात धुतले. परात माझ्याकडे ओढली, घास कालवला आणि काकूंच्या तळहातावर ठेवला. त्यांनी डोळे मिटून खाल्ला.

"वा! चव आहे हो तुझ्या हाताला."

चटणीपूड अक्कांची. भात पहाटे उठून अक्कांनीच शिजवलेला. माझं त्यात काही नव्हतं. अक्कांनी त्यांच्या बोटांतला घास परातीच्या कडेला ठेवला, पदराला हात पुसला आणि बाजूला सरकल्या. काकू मराठीत बोलल्या होत्या आणि अक्कांना मराठी येत नाही. पण मागे घेतलेला हात समजायला भाषा लागत नाही. मला तेव्हा काय वाटलं तेही सांगते. चला, निभावलं, असं वाटलं.

आमचं दुकान बेंगळुरूच्या बसवनगुडीत आहे. सभासदांचं दुकान. ज्याने शेअर घेतला तो मालक, आणि तोच गिऱ्हाईक. डाळ, तांदूळ, गूळ, घाण्याचं तेल, आणि आजूबाजूच्या बायकांनी घरी केलेले पदार्थ. मी तिथे सभासदांच्या शंका आणि तक्रारी बघते. त्याआधी इंदिरानगरमधल्या एका कंपनीत फोनवर तक्रारी ऐकायची. समोरचा शिव्या देतो, आपण म्हणायचं, तुमची गैरसोय झाली, क्षमा करा. आवाज चढू द्यायचा नाही. एवढी एकच विद्या मी शिकले आणि तिच्यावर पोट भरलं. दुकानाने मला घेतलं तेही याच विद्येसाठी. वर नागपूरची असल्यामुळे मराठी, हिंदी येते, इंग्रजी जमते, आणि पीण्या या कारखान्यांच्या भागात राहून राहून कन्नडही तोंडात बसली आहे.

रविवारी दुकानात दोन गोष्टी होतात. एक कैतुत्तु. म्हणजे हातावरचा घास. इकडच्या घरांमध्ये आई किंवा आजी भात कालवते, पोरं भोवती बसतात आणि ती एकेकाच्या तळहातावर घास ठेवत जाते. आमच्याकडे ज्या बाईने पदार्थ केला, तीच येऊन सभासदांच्या हातावर घास ठेवते. चव पटली तर पाकीट घ्या. दुसरी गोष्ट प्रश्नवेळ. सभासद समोर उभे राहून विचारतात, मी गल्ल्याशेजारच्या खुर्चीवर बसून उत्तरं देते. गुळाचा रंग काळा का, तेलाला वास का, तांदळात किडा कसा. कोणीही उभं राहावं, नाव सांगावं आणि विचारावं, असा नियम आहे. मला तो नियम फार आवडायचा.

आणि पाट्या. कमिटीतल्या तरुण पोरींनी हौसेने केल्या होत्या. प्रत्येक पदार्थावर करणाऱ्या बाईचा फोटो आणि तिची गोष्ट. अक्कांनी हसत हसत सगळं सांगितलं होतं. गाव कुठलं, गावाबाहेरची दलितांची कॉलनी कुठली, लहानपणी हॉटेलाबाहेर बसून करवंटीतून चहा कसा प्यायल्या. पोरींनी ते सगळं सुंदर अक्षरात लिहिलं आणि खाली लिहिलं की आज सगळं बेंगळुरू अक्कांच्या हातचं खातं. मन साफ होतं त्यांचं. फक्त ती पाटी कोण कसं वाचेल, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. जे कोणी अक्कांना तोंडावर विचारायला धजलं नसतं, ते आम्हीच लिहून, चौकट करून टांगलं. काकू घासाच्या रांगेत लागण्याआधी ती पाटी वाचत उभ्या होत्या. मी पाहिलं होतं.

माझी पाटी नव्हती. मी काही पदार्थ करत नाही. माझ्या कुडत्यावर नावाचा बिल्ला आहे, त्यावर नाव आणि पुढे आडनावाचं एक अक्षर. इकडे अशीच रीत आहे, सगळेच नावाला अक्षरं जोडतात, कोणी वळून बघत नाही. बेंगळुरूत माझं पूर्ण आडनाव लिहिलं तरी बिघडत नव्हतं. इथल्या लोकांना ते वाचून काहीच कळत नाही. कळतं ते मराठी माणसाला. गोड हसून, "नागपूरच्या का? आडनाव काय?" असं विचारतो ना, त्याला. त्या एका माणसासाठी मी ते अक्षर लावलं होतं. आणि पुण्याहून मुलाकडे राहायला आलेल्या, निवृत्त शिक्षिका असलेल्या काकूंनी माझा रंग बघून, माझी शुद्ध मराठी ऐकून, ते अक्षर आपल्याला हवं तसं पूर्ण करून घेतलं होतं. मी करू दिलं.

पुढच्या रविवारी काकूंबरोबर आणखी काही बाया माझ्यासमोर उभ्या राहिल्या. त्यात मराठी होत्या, कन्नड होत्या. एकीने रांग बदलली की बाकीच्यांना धीर येतो. मग आमचे सेक्रेटरी अण्णा माझ्याकडे आले. बँकेतून निवृत्त झालेला, मुंगीलाही न दुखवणारा माणूस. हळू आवाजात म्हणाले, "स्वल्प समजून घे, अम्मा. अक्कांचा अपमान व्हायला नको. त्यांना आत पॅकिंगला बसवू. घास तू देत जा."

अपमान होऊ नये म्हणून जिचा अपमान झाला तिलाच उचलायचं. वा रे न्याय. पण तेव्हा माझ्या तोंडून हे निघालं नाही. तेव्हा मी म्हटलं, "सरी." म्हणजे बरं.

अक्का आत पडद्यामागे बसू लागल्या. पाटीही उतरली. मी बाहेर घास देत राहिले. चटणीपूड जास्त खपायला लागली. प्रश्नवेळेला एक गृहस्थ उभे राहून म्हणाले की रविवारचा कार्यक्रम आता फार स्वच्छ वाटतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खुर्चीवरून म्हटलं, "तुमच्या अभिप्रायाबद्दल आभार." पडद्यामागे पाकिटं भरण्याचा आवाज थांबला होता.

आणि मला ते आवडत होतं. हे सांगताना जीभ जड होते, पण आवडत होतं. मोठ्या घरच्या बाया माझ्यापुढे हात पसरत होत्या. "संस्कार दिसतात हो," असं काकू म्हणाल्या तर मी दिवसभर हवेत असायची. मेट्रोने पीण्याला परतताना मी माझी बोटं हुंगायची. तूप आणि मिरचीचा वास. अक्कांच्या मिरचीचा.

हे सगळं करणारी मी कोण? नागपूरच्या वस्तीत वाढलेली मुलगी. माझी आई एका घरी धान्य निवडायला जायची. मी शाळेतून थेट तिथेच जायची. दुपारी त्या घरच्या बाई दारात यायच्या आणि पोळी वरून सोडायच्या. आई खाली पदर धरायची. एकदा पोळी पदराबाहेर पडली, मातीत. आईने उचलली, फुंकर मारली, अर्धी मला दिली. मी खाल्ली. त्या रात्री आई रडली नाही, काही नाही, फक्त म्हणाली, "उद्यापासून तिकडे जायचं नाही. वरून टाकलेलं खायचं नाही, समजलं का?" मग ती गिरणीत डोक्यावरून टोपल्या वाहायला लागली. विहारातल्या बायांना हे सांगताना तिची मान ताठ व्हायची. मी तिची मुलगी.

तिलाच मी फोनवर कौतुकाने सांगितलं. "आई, मोठ्या घरच्या बाया माझ्या हातचा घास खातात."

आईला आनंद झाला. अगदी मोठ्याने हसली. मग विचारलं, "नाव सांगितलं का त्याह्यले? पूर्ण?"

"बिल्ल्यावर पहिलं अक्षर आहे," मी म्हटलं.

"मंग त्या तुया हातचं नाही खात, पोरी. दुसऱ्याच कोणाच्या हातचं खातेत."

तिने फोन ठेवला नाही. हवापाण्याचं बोलत राहिली, जेवलीस का विचारलं. मला मात्र पुढचं काही ऐकू आलं नाही. किळस आली, ती काकूंची नाही, माझी स्वतःची. काकूंनी अक्कांचा हात नाकारला, तो त्यांचा धर्म असेल. पण त्या नकाराला हात धुऊन हात कोणी पुरवला? मी. माझ्या आईच्या अंगावर पोळी सोडणाऱ्या बाईचं काम मी पगारावर करत होते.

त्यानंतरच्या रविवारी मी परातीला हात लावला नाही. प्रश्नवेळ सुरू झाली तेव्हा खुर्चीवर बसले नाही. सभासदांच्या बाजूला जाऊन उभी राहिले. माझाही शेअर आहे, पहिल्या पगारातून कापलेला. मीही मालक आहे, हे मी इतके दिवस विसरले होते, आणि दुकानालाही आठवण करून द्यावीशी वाटली नव्हती. उत्तरं देणारी खुर्ची समोर रिकामी होती. लोकांना वाटलं काहीतरी गंमत आहे.

नियमाप्रमाणे आधी नाव सांगितलं. आडनाव पूर्ण उच्चारलं. कन्नड सभासदांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. काकूंच्या चेहऱ्यावर हललं. त्यांचा उजवा हात आपोआप मिटला. मी पाहिलं.

मग विचारलं, आधी कन्नडमध्ये, मग मराठीत. "अक्कांना आत कोणी बसवलं, आणि का?"

अण्णा म्हणाले, "अम्मा, प्रश्न मालाबद्दल असावा."

"घास मालच आहे ना, अण्णा? तो कोणाच्या हातचा चालतो आणि कोणाच्या हातचा चालत नाही, ते विचारते आहे."

काकू उभ्या राहिल्या. "हे बघ, मी कधी कोणाची जात विचारलेली नाही. आयुष्यात नाही."

"विचारली नाहीत, काकू. अक्कांची पाटीवर वाचलीत. माझी मी लपवली होती, म्हणून माझ्या हातचं खाल्लंत."

कोणीतरी गुळाचा भाव विचारला, तेवढ्याने विषय बदलेल म्हणून. अण्णा म्हणाले, कमिटीपुढे ठेवू. मला बाजूला घेऊन, खऱ्या काळजीने म्हणाले, "नोकरीचा विचार कर."

मी पडदा बाजूला करून आत गेले. अक्कांना म्हटलं, चला, बाहेर या, तुमची परात आहे. त्यांनी हातातलं पाकीट भरून बंद केलं. मग उठल्या, हात धुतले, बाहेर येऊन भात कालवला. रांग नव्हती. लोक कपाटांपाशी पाकिटं उलटसुलट करत उभे होते. मी एकटी परातीसमोर गेले आणि तळहात पुढे केला. वाटलं होतं, अक्का घास ठेवतील, मी खाईन आणि सगळं धुऊन निघेल. किती सोपं वाटलं होतं मला.

अक्कांनी घास केला. हात उंच नेला. आणि वरून सोडला.

अर्धा माझ्या हातात पडला, अर्धा फरशीवर.

"गोत्तायता?" त्या म्हणाल्या. कळलं का?

कळलं. तळहातावरचा मी खाल्ला. वाकून फरशीवरचा उचलला आणि तोही खाल्ला. आईने खायचं नाही म्हणून सांगितलं होतं, तेच. तिखट होता. डोळ्यांत पाणी आलं, त्याचा दोष मिरचीला देणार नाही.

अक्का हात धुऊन पुन्हा आत गेल्या. जाताना म्हणाल्या, "दुकानाने बोलावलं तर येईन. तू बोलावू नकोस. तू घेतलेली जागा तू परत द्यायची नसते."

त्यांनी मला माफ केलेलं नाही. मी मागितलेलीही नाही. माफी मागून हलकं व्हायचा हक्क माझ्याकडे नाही. कमिटीने अजून उत्तर दिलेलं नाही. काकू येतात, डाळ घेतात, माझ्याकडे न बघता जातात. बिल्ल्यावरचं ते एक अक्षर मी खोडलं आणि पुढे अख्खं आडनाव लिहिलं. रविवारी रिकामी परात टेबलावर मांडून ठेवते. प्रश्नवेळ सुरू झाली की खुर्ची सोडून समोर जाते, पूर्ण नाव सांगते आणि तोच प्रश्न विचारते. काही जण उठून जातात. नोकरी गेली तर जाईल. शेअर माझा आहे, तो घेऊन सभासद म्हणून येईन आणि विचारीन. जोवर हे दुकान अक्कांना स्वतः बाहेर बोलावत नाही, तोवर इथे कोणाच्याही तळहातावर माझ्या हातचा घास पडणार नाही.