सेकंद मोजणारा खोलीसोबती

माणसाला कमी कष्ट पडावेत म्हणून इतके कष्ट उपसणारा प्राणी माझ्या खोलीसोबत्याखेरीज अवघ्या सातारा-सांगलीत दुसरा झाला नसेल. सांगलीत इंजिनिअरिंग शिकताना आम्ही सगळी वर्षं एकाच खोलीत काढली. मी वाईचा, नदीत डुंबून आणि दोन्ही वेळा साधं वरण खाऊन वाढलेला. तो माण तालुक्यातला, दहिवडीला उतरून पुढं दोन तास चालल्यावर लागणाऱ्या एका गावचा. वडील मुंबईला गोदीत, आई गावी, आणि घरात चार शेरडं. उंच, काटकुळा, चालताना मान अशी पुढं काढायचा, की अंग व्हरांड्यात असतानाच डोकं वर्गात पोचलेलं असे. पहिली दोन वर्षं तो तुमच्याआमच्यासारखाच होता. तिसऱ्या वर्षी आम्हाला इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग हा विषय आला. पहिल्याच तासाला सर म्हणाले, "माणूस काम करताना ज्या हालचाली करतो, त्यांतल्या निम्म्या फुकट असतात." आम्ही बाकीच्यांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. त्यानं ते मनाला लावून घेतलं.

त्या संध्याकाळी मी फिरून परत आलो, तर माझी खाट खिडकीखाली गेलेली, टेबल दाराशी आलेलं, आणि माझा साबण, टॉवेल, तांब्या एका ओळीत कवायतीला उभे. "सकाळी उठल्यापास्नं आंघोळीला जाईस्तवर तू खोलीत चौतीस पावलं टाकतुयास," तो म्हणाला. "आता अकरा." वाचलेल्या तेवीस पावलांचं मी काय करायचं होतं ते त्यानं सांगितलं नाही. प्रयोगशाळेतलं स्टॉपवॉच तो रीतसर सही करून आणायचा, शनिवारी परत करायचा आणि सोमवारी पुन्हा आणायचा; मधला रविवार त्याला सुतकासारखा जाई. क्लिप लावलेली एक फळी त्याच्या काखेत कायम असायची. न्हाव्याच्या दुकानात तो दुसऱ्याची दाढी चाललेली असताना वेळ नोंदवत बसे. "वस्तऱ्याला धार लावताना तुमी तीनदा रस्त्याकडं बगता," असं त्यानं एकदा त्या न्हाव्याला सांगितलं. न्हावी म्हणाला, "चौथ्यांदा तुमच्याकडं बगतो, पावनं, मग बोला." त्यानंतर महिनाभर त्याचे केस मी कापले, आणि त्याचा परिणाम सगळ्या कॉलेजनं पाहिला.

परीक्षेतही त्यानं हेच केलं. एका गुणाला किती मिनिटं द्यायची याचा तक्ता करून तो पेपरला बसला, आणि चाळीस मिनिटं आधीच ऐटीत बाहेर आला. आम्ही बाहेर पडल्यावर कुणीतरी शेवटच्या प्रश्नाचा विषय काढला. त्याचा चेहरा उतरला. प्रश्नपत्रिकेचं मागचं पान त्यानं उलटलंच नव्हतं. मी हसून हसून भिंतीला टेकलो. तो मात्र गंभीरपणे म्हणाला, "न्हाई गड्या, ह्यात मागं बगण्याचा वेळ धरायला पायजे व्हता."

पण त्याची खरी कीर्ती झाली ती खानावळीत. आम्ही जेवायला जायचो त्या काकू एकट्याच रांधायच्या आणि एकट्याच वाढायच्या. तीन दिवस हा फळी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा. काकूंनी पहिल्या दिवशी त्याला उलथनं दाखवलं. "ही माझी चूल आहे, तुझं कॉलेज नाही!" पण त्यांचे गुडघे दुखत होते, आणि आमटीचं पातेलं नि भाकऱ्यांची दुरडी यांच्यामध्ये आपण रोज किती हेलपाटे घालतो हे त्यानं आकड्यांत सांगितल्यावर त्या जरा नरमल्या. त्यानं पातेलं हलवलं, दुरडी उजवीकडं आणली, ताटं आधीच मांडून ठेवायची पद्धत घालून दिली. दुसऱ्या दिवसापासून जेवण निम्म्या वेळात उरकू लागलं. आम्ही त्याची पाठ थोपटली. चार दिवसांनी पाहतो तर पातेलं पुन्हा जुन्या जागी! तो दुखावला. काकू म्हणाल्या, "अरे, पूर्वी वाढता वाढता कळायचं, कुणाला ताप आलाय, कुणाच्या घरचं पत्र आलं नाही. आता कोण जेवून गेलं तेसुद्धा कळत नाही बघ. गुडघे दुखले तर दुखले." खोलीवर आल्यावर त्यानं वहीत लिहिलं, ते मी नंतर चोरून वाचलं: 'काकूंचा बोलण्याचा वेळ मी फुकट धरला. चूक माझी.'

शेवटच्या वर्षी प्रत्येकानं कुठल्यातरी चालू कामाचा अभ्यास करून अहवाल द्यायचा होता. मुलांनी कारखाने, तेलाच्या गिरण्या, मिरजेची वर्कशॉपं निवडली. यानं खडी निवडली. बहात्तरचा दुष्काळ होता, माणात दुष्काळी कामं निघाली होती, आणि त्याची आईही खडी फोडायला जात होती. सर चष्मा काढून म्हणाले, "खडी फोडणं हा काय उद्योग आहे?" सरांशी बोलताना तो जपून जपून शुद्ध बोलायचा. "सर, आमच्या तालुक्यात सध्या हा एकच उद्योग आहे." सरांनी चष्मा पुन्हा लावला आणि सही केली. त्या अहवालावर बरंच अवलंबून होतं. पुण्याच्या एका कारखान्यानं त्याला मुलाखतीत निवडलं होतं, पण पहिला वर्ग मिळाला तरच नोकरी, या बोलीवर. मुंबईला पत्र गेलं होतं आणि वडिलांनी गोदीत पेढे वाटूनही टाकले होते.

नाताळच्या सुट्टीत विटा, मायणी करत आम्ही दोघं त्याच्या गावी गेलो. फळी धरायला म्हणून मी बरोबर. उघड्या माळावर तीनशे माणसं बसली होती. पुढ्यात डबर, म्हणजे फोडायचे मोठे दगड, हातात हातोडी, आणि बाजूला फोडलेल्या खडीचा ज्याचा त्याचा ढीग. दिवस कलला की लाकडी खोक्यानं प्रत्येकाचा ढीग मोजायचे. कामावरचे साहेब आमच्यावर फार खूश झाले. "छान! तुमच्या अहवालाची एक प्रत मला द्या. कामचुकार कोण, ते तरी कळेल."

बायकांनी त्याची भरपूर थट्टा केली. "आगं, येवढं शिकवून ह्येला खडी मोजाया लावलं व्हय गं?" "मोज बाबा मोज, आमच्या हाताला घड्याळ बांद!" तो लाजून लाल होत होता, पण काम सोडत नव्हता. पहिल्या दोन दिवसांत त्यानं साहेबांच्या मागं लागून डबर लांब रस्त्याला न टाकता ओळींच्या टोकाशी टाकायला लावलं, पाण्याचे डेरे मधोमध आणवले, आणि बायकांना उन्हाकडं पाठ करून बसवलं. तिसऱ्या दिवशी तीच बाई, जिनं घड्याळ बांधायला सांगितलं होतं, म्हणाली, "व्हय रं, पाठ कमी दुकती." त्या एका वाक्यानं त्याची मान आणखी वीतभर पुढं आली.

मग मोजणी सुरू झाली. अकरा बायकांचा एक गट. तो घड्याळ बघून हालचाल आणि सेकंद सांगणार, मी लिहिणार. उचलला, ठेवला, घाव, घाव, सारला. दहा बायका झाल्या. अकरावी त्याची आई. एवढीशी, काळीसावळी, मुंडाशासारखा पदर बांधलेली. हा घुटमळला. तीच म्हणाली, "बग की. मी काय चोरी करतीया?"

पाच मिनिटं झाली आणि तो सांगता सांगता अडखळला. आईचा हात नको तिथं जात होता. सातआठ घाव घातले, की डावा हात मूठभर खडी उचलायचा आणि डावीकडं टाकायचा. डावीकडचा ढीग तिचा नव्हता. तिथं एक म्हातारी बसली होती, तिची हातोडी उठत होती खरी, पण दगडावर नुसती टेकत होती.

"आई, ह्यो हात तिकडं कशाला जातुया?"

"माशी हाकलतीया," आई मान वर न करता म्हणाली.

"मूठभर खडी घिऊन?"

आईनं हातोडी खाली ठेवली. साहेब कुठं आहेत ते पाहिलं. मग आमच्याकडं न बघता हळूच म्हणाली, "वरडू नगंस. तिचं माप भरत न्हाई. सलग आठ दिस न्हाई भरलं, तर हजेरीतनं नाव काडत्यात. मग सुकडी बी बंद. तिला दुसरं कोन हाय?" सुकडी म्हणजे कामावरच्या माणसांना वाटायचं ते गोडसर कोरडं पीठ. म्हातारीला काही ऐकू आलं नसावं. ती आमच्याकडं बघून बोळकं हसली.

घड्याळ चालूच होतं. ते बंद करायचं त्याच्या लक्षात आलं नाही, आणि असं मी प्रथमच पाहिलं. दोन वर्षांत त्यानं एक आकडा इकडचा तिकडं केला नव्हता, अर्धा सेकंदसुद्धा पुरा धरला नव्हता. मी विचारलं, "या हालचालीला काय नाव लिहू?" "त्यो कागद हिकडं दे," म्हणाला. मी दिला. त्यानं त्याची चौघडी करून शर्टाच्या खिशात घातली आणि आईला म्हणाला, "झालं तुजं. पानी आणू का?"

साहेबांना त्यानं डबर कुठं टाकावं आणि डेरे कुठं ठेवावेत, एवढंच लिहून दिलं.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक होते. त्याच्यामागून माझा नंबर, म्हणून मी दारातच उभा. परीक्षकांनी अहवाल चाळला. "पहिल्या पानावर अकरा स्त्रियांचा गट लिहिलाय. तक्ते दहाच?" अकराच्या जागी दहा लिहिणं याला जमलंच नसणार, तेवढं खोटं त्याच्या हातून उतरेना. "एक कागद हरवला, सर," तो म्हणाला. आमच्या सरांनी चमकून वर पाहिलं. याची पेन्सिलसुद्धा कधी हरवली नव्हती. त्यांची नजर फिरत माझ्यावर आली. "तू होतास ना बरोबर? काय झालं त्या कागदाचं?" मी म्हणालो, "तिथं वारा फार, सर. उडाला." सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "असेल." परीक्षकांनी मात्र, अभ्यास अपुरा, असा शेरा मारला.

पहिला वर्ग चार गुणांनी हुकला. पुण्याची नोकरी गेली. निकालाच्या फलकासमोरून आम्ही चालत नदीवर गेलो आणि पायऱ्यांवर बसलो. मी म्हणालो, "अजून सरांना खरं सांगता येईल. ते काही साहेबांना कळवायला जाणार नाहीत."

"कागद निघाला की त्यो फिरतोय, गड्या. आन् काम अजून चालू हाय. म्हातारी बसतीया तितंच."

"आणि वडील?"

"आबांला सांगितलंय, पेपर अवघड गेला म्हून. ते म्हनले, बरं."

एवढं बोलून तो रडला. आवाज न करता, गुडघ्यात डोकं घालून. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसलो होतो, आणि किती वेळ बसलो होतो ते आम्हा दोघांपैकी कुणीही सांगू शकणार नाही.

पुढं त्याला कोल्हापूरकडच्या एका लहानशा फाउंड्रीत काम मिळालं, तिथून गुजराथेत. सुरुवातीला पत्रं यायची. दुष्काळ हटला, कामं बंद झाली, म्हातारी त्यानंतर वर्षभर होती आणि तिला शेवटी आईनंच पोचवलं, हे त्या पत्रांतून कळलं. मग माझी बदली झाली, त्याचं लग्न झालं, आणि पत्रं आपोआप विरळ होत थांबली.

त्यानंतर सहा वर्षांनी तो मला कराडच्या स्टँडवर भेटला. मी उंब्रजला निघालो होतो. गर्दीत आधी मान दिसली, मग तो. बरोबर बायको आणि केळं खात असलेली एक मुलगी. अंगानं भरला होता, कानशिलं अवेळीच पांढरी झाली होती. आम्ही दोघं नुसतेच एकमेकांकडं बघत हसत राहिलो. आईचं विचारलं, तर म्हणाला, "गेली. दोन वर्सं झाली. शेवटाला माज्याजवळच व्हती. तिला गुजराथी येत नव्हतं बग, आन् शेजारणींना मराठी. पर दुपारभर समद्या आमच्याच दारात. काय बोलायच्या, द्येव जाणं." त्याची बायको म्हणाली, "अजून विचारतात, बा कुठं गेली म्हणून. तिकडं आईला बा म्हणतात ना." मुलीनं केळ्याचं साल माझ्या हातात दिलं, मी ते घेतलं.

तेवढ्यात दहिवडीची गाडी लागली आणि झुंबड उडाली. मी सामान वर चढवलं, त्यानं खिडकीतून मुलीचा हात धरून मला टाटा करायला लावलं. काहीतरी ओरडून सांगत होता, ते इंजिनाच्या आवाजात मला कळलं नाही. गाडी वळून दिसेनाशी झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की पत्ता घ्यायचा राहिला. केळ्याचं साल हातात धरून मी तसाच बराच वेळ फलाटावर उभा होतो.