मोजणीबाईंची गल्ली

रस्त्यावरचा कचरा उचलणाऱ्या माणसावर ओरडणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. आमच्या मोजणीबाई ओरडायच्या. "ओ दादा, ठेवा ते खाली! आधी मोजू द्या, मग काय हवं ते करा." बिचारा हातातला कप परत खाली टाकायचा आणि आम्हाला वेड्यात काढून निघून जायचा.

आम्ही एका छोट्या संस्थेत होतो. विजेच्या दोन खांबांमधला रस्ता खडूने आखायचा आणि त्यात पडलेली प्रत्येक वस्तू मोजायची, ही आमची नोकरी. डबा कुठे लागेल, घंटागाडी कुठल्या गल्लीत जाईल, ते त्या आकड्यांवरून ठरायचं. ठाण्यापासून कल्याणपर्यंत बाई मान खाली घालून चालायच्या आणि मी मागून उन्हाच्या नावाने बोटं मोडत.

मानपाड्याला एका भिंतीशी चहाच्या कपांचा खच होता. मी म्हटलं, डबा टपरीपाशी ठेवायला सांगू. "अगं, टपरीपाशी चहा गरम असतो," बाई म्हणाल्या. "फुंकत फुंकत चालतात आणि संपतो इथे. डबा इथेच हवा." तिथेच लागला.

बाई राहायच्या दिवा स्टेशनजवळ, चाळीत, मुला-सुनेबरोबर. त्यांच्या गल्लीत घंटागाडी जात नसे. गटार तुंबलेलं, नातीला सारखा ताप. "एकदा आमच्याकडे ती घंटा वाजू दे गं, मग मी घरी बसायला मोकळी," असं त्या किती वेळा म्हणायच्या. अखेर त्यांच्या गल्लीची मोजणी लागली.

आम्ही पोचलो तर गल्ली लख्ख! बाईंच्या ऑफिसची माणसं येणार म्हणून शेजाऱ्यांनी पहाटेपासून झाडून काढलेली. दारात रांगोळ्यासुद्धा. "बाई, तुमचं नाव खाली जायला नको," एक म्हातारी हौसेने म्हणाली. मी बाईंच्या कानात म्हटलं, कालचा कचरा आठवून लिहू या, कोण बघतंय? "पडलंय तेवढंच लिहायचं," त्या म्हणाल्या. एवढ्याशा आकड्यावर घंटागाडी आली नाही. मला असा राग आला होता बाईंचा! आणि का आली नाही, ते त्यांनी गल्लीत कुणाला सांगितलंही नाही. "एवढ्या मायेने केलं गं त्यांनी. कुठल्या तोंडाने सांगू?"

पुढे गल्लीची फेरमोजणी लागली, पण तिच्या आधीच बाई गेल्या. हार्ट अटॅक. मला रडू आलं नाही, अजूनही आलेलं नाही. बाईंच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गल्लीत मांडव पडला, खूप माणसं आली. फेरमोजणी नेमकी दुसऱ्या दिवशी होती. तारीख पुढे ढकलायचं मला सुचलंही नाही. मी गेले, खडूने रेघा मारल्या. झाडायचं कुणाला भानच नव्हतं. कागदी कप, पाण्याच्या बाटल्या, मेणबत्त्यांची रिकामी पाकिटं, पांढऱ्या फुलांचे तुटलेले हार. सून दारात उभी होती.

"ताई, आईंच्या कार्यक्रमाचं आहे हे. हे पण धरायचं?"

"धरायचं," मी म्हटलं, आणि सगळं लिहिलं.

आता घंटागाडी रोज येते. "आईंनी आणली शेवटी," सून म्हणते. मी हो म्हणते. बाई असत्या, तर त्या दिवशीही सगळ्यांनी गल्ली झाडून ठेवली असती.