नाव नसलेला हिस्सा

मोजणीसाहेबांना निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी हातातली फूटपट्टी सुटली नव्हती. छत्तीस वर्षं लोकांच्या जमिनींच्या हद्दी आखल्या, आता घरात आखायचे. फ्रिजचा कुठला कप्पा कुणाचा, हेसुद्धा ठरलेलं. कचेरीचा एक नियम मात्र त्यांच्या रक्तातच भिनला होता: ज्या तुकड्यापुढे नाव नाही तो बेवारस, आणि बेवारस तो रद्द.

घरातला लॅपटॉप बारा वर्षांचा. तो सुरू होईपर्यंत साहेबांची दाढी उरकायची. जुनी ऑपरेटिंग सिस्टीम तशीच ठेवून शेजारी दुसरी, हलकी आणि फुकटातली बसवायचं त्यांनी ठरवलं.

"डिस्कवर तुकडा पाडायचा, झालं! जन्मभर दुसरं काय केलं?"

बायको शिवणकाम करायची. अकरा वर्षांतल्या सगळ्या गिऱ्हाइकांची मापं त्याच लॅपटॉपवर होती. मापं गेली की तिचा धंदाच बसला.

"माझ्या मापांना धक्का लावू नका म्हणजे मिळवली," ती म्हणाली आणि मशीनवर बसली.

साहेबांनी खबरदारी घेतली. म्हणजे स्वतःचे जुने नकाशे तीन पेनड्राइव्हवर उतरवून ठेवले. मग जुन्या सिस्टीमची जागा आवळून चाळीस जीबी मोकळी केली. पण नवी सिस्टीम अडून बसली. जुन्या धाटणीच्या डिस्कवर मुख्य हिस्से चारच चालतात आणि चारही पाडलेले होते. पाचवा मिळणार नाही.

"जागा मोकळी आहे आणि म्हणे वापरता येत नाही! आमच्या कचेरीत असं बोलायची कुणाची टाप नव्हती," साहेब कडाडले.

त्यांनी यादी पाहिली. तीन हिश्श्यांपुढे नावं होती, चौथ्यापुढे कोरं. आत काय आहे ते बघायची त्यांना गरज वाटली नाही. हिस्सा खोडला आणि बदल कायम करून मोकळे झाले.

तेवढ्यात बायको आली. "अहो, तुमची सिस्टीम राहू द्या जरा. दारात बाई उभ्यात, कोटाच्या बाहीचं माप हवंय."

माप नव्हतं. बाहीचं नाही, कुणाचंच नाही. मापं त्या कोऱ्या नावाच्या हिश्श्यातच होती. बायकोने दारातल्या बाईंना उद्या यायला सांगून परत पाठवलं.

कोपऱ्यावरची कॉम्प्युटर दुरुस्तीवाली आली. "पुढे काही बसवलं नाहीत ना? नशीब! नोंदच खोडलीय, माल जागेवर आहे." तासाभरात तिने तो हिस्सा मापांसकट परत उभा केला. "लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचा हा दुसरा हिस्सा नुसता पडून आहे. तो काढायचा आणि त्या जागेत पोटहिस्से पाडायचे, हवे तेवढे. सोपं आहे, काका."

पोटहिस्से! साहेबांनी आयुष्यात हजारो पाडले होते. आज नेमकं तेच सुचलं नव्हतं.

"पण या मापांच्या हिश्श्याला नाव का नाही?" तिने विचारलं.

"पाच वर्षांपूर्वी यांनीच करून दिला," बायको म्हणाली. "मी म्हटलं, नाव घाला. तर म्हणे, घरातलंच आहे, नाव कशाला?"

"मग काय घालू?"

बायकोने स्वतःचं नाव सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून. मग साहेबांकडे वळली. "या घरात दुसऱ्या कुठल्या यादीत आहे का हो माझं नाव? की एक दिवस मलाही रद्द कराल?"

साहेब उठले. स्क्रूड्रायव्हर घेऊन दाराशी गेले, स्वतःच्या नावाची पाटी उतरवली आणि सवयीने फूटपट्टी लावली. नावाखाली आणखी एक ओळ सहज बसत होती. ती जागा पहिल्यापासूनच मोकळी होती.